सरळ भिंतीची अट

लाकूड जाळायला वीज लागते असं पूर्वी मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला डोक्यावर गार पाणी मारून घ्यायला सांगितलं असतं. पेलेट स्टोव्हला लागते. भुसा दाबून केलेले, सहा मिलिमीटर जाडीचे तुकडे वरच्या टाकीत ओतायचे. मोटर फिरली की एक लांब स्क्रू ते मोजूनमापून जळणाच्या भांड्यात टाकतो. विजेची कांडी तापून त्यांना पेटवते. एक पंखा धूर बाहेर ढकलतो, दुसरा ऊब खोलीत सोडतो, आणि या सगळ्यांवर एक सर्किट बोर्ड पाळत ठेवतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत हा घरगुती स्टोव्ह ज्याने आणला, तो बोइंगमधला अभियंता होता. मला ते पटतं. पुस्तिका वाचताना आपण शेगडी बसवतोय की विमान उतरवतोय, हेच कळत नाही.

धावपट्टी म्हणजे आमचं घर. जुनं आहे. किती जुनं ते विचारू नका. ज्यांना ठाऊक होतं ते सगळे गेले.

दीडशे किलोचा तो ऐवज पायऱ्यांवरून आत कसा आला, ते मी लिहिणार नाही. उचलणारी माणसं अजून एकमेकांशी बोलतात, एवढं पुरे.

पहिली अट होती समपातळीची. बसवायला आलेल्या गृहस्थांनी जमिनीवर लेव्हल ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला तो बसलाच. त्यांनी लेव्हल फिरवून पाहिली, तर तो दुसऱ्या टोकाला.

“घर कुठे चाललंय?” त्यांनी विचारलं.

“बागेकडे,” सासूबाई म्हणाल्या. “पण सावकाश.”

खाली न जळणारी फरशी टाकून, पायांचे स्क्रू फिरवून स्टोव्ह ओळंब्यात आणला. आता घरातली तेवढी एकच वस्तू सरळ आहे, त्यामुळे वाकडी दिसते ती तीच. आलेला प्रत्येक पाहुणा सांगतो, तुमचा स्टोव्ह जरा कललाय.

धुराचा नळ जुन्या चिमणीतून सोडू, असा माझा बेत होता. गृहस्थांनी आत विजेरी मारली आणि मान हलवली. सुटलेल्या विटा, मध्येच एक वळण, आणि पोकळी इतकी ऐसपैस की धूर वर पोचेपर्यंत गार होणार. म्हणून भिंत.

भोकाची जागा ठरली. बाहेर जाऊन पाहिलं तर दोन फुटांवर खिडकी. पुस्तिकेप्रमाणे धुराचं तोंड उघडणाऱ्या खिडकीपासून बाजूला चार फूट तरी हवं.

“ही उघडत नाही,” मी म्हणालो. खरंच नव्हती उघडत. तिच्यावर इतक्या पिढ्यांनी रंगाचे हात मारले होते, की चौकट कुठे संपते आणि झडप कुठे सुरू होते हे सांगणं अवघड होतं.

“उघडत नाही, की उघडता येत नाही?”

आत्मा आहे की नाही यावर लोक याहून कमी गांभीर्याने वाद घालत असतील. शेवटी बायको वैतागली. “अहो, त्यांना दाखवून का देत नाही?” म्हणत तिने तळव्याने चौकटीला एक दणका दिला.

खिडकी उघडली. आम्ही राहायला आल्यापासून पहिल्यांदाच. सासूबाई म्हणाल्या, “किती छान वारा येतोय!” आणि भोक दुसरीकडे सरकलं.

सरकलं ते नेमकं तुळईवर. तुळई चुकवायची तर नळाला दोन वळणं घ्यावी लागणार. इथे मला या विद्येतलं सर्वांत सुंदर गणित भेटलं. नळाची लांबी नुसत्या टेपने ठरत नाही. प्रत्येक काटकोनी वळण पाच फूट धरायचं, मागचा राख काढायचा ‘टी’, म्हणजे इंग्रजी T सारखा जोड, आणखी पाच. आमचा आडवा नळ टेपवर सहा फूट आणि कागदावर एकवीस! पंधरा ओलांडले की तीन इंची नळ चालत नाही, चार इंची लागतो. त्याला भोक मोठं. शिवाय नळाच्या सर्व बाजूंनी लाकूड तीन इंच दूर हवं, म्हणून भोक आणखी मोठं. भिंतीतून लाकडी पट्ट्या निघाल्या, चुना निघाला, आणि कुणीतरी थंडी अडवायला कोंबलेली वर्तमानपत्रं निघाली. दुपार ती वाचण्यात गेली.

जवळच्या प्लगला अर्थिंग नव्हतं. तो अध्याय वायरमनचा. त्याचे उद्गार छापण्याजोगे नाहीत.

मग हवेचा प्रश्न. आगीला बाहेरची हवा वेगळ्या नळीने द्यावी, अशी शिफारस होती. मी म्हटलं, या घरात बाहेरची हवा आहेच की. दाराखालून येते, फळ्यांमधून येते, बटणांच्या मागून येते. आणि आता ती खिडकी बंद होत नाही.

“ती हवा बेहिशेबी आहे,” गृहस्थ म्हणाले, आणि नळीसाठी दुसरं भोक पाडलं.

अखेर बटण दाबलं. कांडी तापेपर्यंत आम्ही सगळे गुडघ्यांवर बसून काचेत पाहत होतो. आधी धूर, मग नव्या रंगाचा तापून सुटलेला वास, मग धुराच्या अलार्मची किंकाळी, आणि मग ज्योत. सासूबाईंनी हात जोडले. ते अलार्मला होते की ज्योतीला, हे समजलं नाही.

राहता राहिलं जळण. पेलेटमध्ये गोंद नसतो. लाकडातलंच लिग्निन उष्णतेने आणि दाबाने त्यांना धरून ठेवतं. पाणी लागलं की ते फुगून पुन्हा भुसा होतात. त्यात पिशव्यांना हवेची बारीक छिद्रं. आमचं तळघर ओलसर, माळा गळका. ठणठणीत कोरडी खोली एकच, तीही स्टोव्हने कोरडी केलेली. पण त्याच्याजवळ जळण रचायला पुस्तिकेची सक्त मनाई. तिच्या खालोखाल कोरडी म्हणजे आमची झोपायची खोली. तेव्हा टनभर पिशव्या तिथे गेल्या, आमच्या गाद्या स्टोव्हसमोर आल्या, आणि सासूबाईंनी उबेची जागा आधीच धरलेली असल्यामुळे माझ्या वाट्याला बंद न होणारी खिडकी आली.

काल रात्री पांघरूण मागितलं तर बायको म्हणाली, “जाडं पांघरूण पिशव्यांवर घातलंय. त्यांना ओल बाधते.”