आउटफिट फोटोसाठी रिंग लाइट घेऊ नका, खिडकी पुरते

सणवार जवळ आले की तोच सल्ला परत फिरायला लागतो, घरच्या घरी आउटफिटचे फोटो हवेत तर रिंग लाइट, म्हणजे कड्यासारखा गोल दिवा, घ्या, मागे पांढरी भिंत ठेवा, मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड लावा आणि फोटो काढायला कोणी नसेल तर आरसा आहेच. मला यातलं काहीच पटत नाही, कारण पैसे जातात आणि साडी तरी फिकीच दिसते.

आधी रिंग लाइट. तो चेहऱ्यासाठी असतो, मेकअपचे व्हिडिओ करणारे त्याच्या अगदी समोर बसतात, तिथे झकास. पण डोक्यापासून पायापर्यंत फोटो हवा तर आठ-दहा फूट लांब उभं राहावं लागतं, आणि लाइटपासून अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा नाही, पाव होतो. शिवाय समोरून सपाट उजेड पडला की विणकाम दिसतच नाही, जरीवर नुसता पांढरा चट्टा येतो. तीच पैठणी नेसून सकाळी खिडकी एका बाजूला घेऊन उभ्या राहा, पदर जरा पसरवा, मग बघा पदरावरचे मोर कसे उठून दिसतात आणि निरी न निरी वेगळी कळते. थेट ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा. आणि ट्यूब, बल्ब सगळं बंद करा प्लीज, नाहीतर साडी एका बाजूने पिवळी आणि दुसऱ्या बाजूने निळसर येते.

पांढऱ्या भिंतीचं म्हणाल तर फ्रेमभर पांढरं असलं की कॅमेरा स्वतःहून फोटो डार्क करतो, त्यात संक्रांतीची काळी चंद्रकळा असेल तर नुसता काळा गोळा. स्क्रीनवर साडीवर टॅप करून ब्राइटनेस वर सरकवा. भिंत कुठल्याही रंगाची चालेल, फक्त तिला चिकटून उभं राहू नका, मागे सावली पडते.

पोर्ट्रेट मोड पदराचे गोंडे आणि मोकळे केस खातो, बंदच ठेवा.

आरशात तर सगळं उलटं, डाव्या खांद्यावरचा पदर फोटोत उजव्यावर दिसतो! त्यापेक्षा मागचा कॅमेरा वापरा, फोन कंबरेच्या उंचीवर पुस्तकांच्या चळतीला टेकवा, जागा असेल तर २एक्स झूम, ०.५ वाइड लेन्स अजिबात नको, त्यात कडेला आलेले पाय ताणल्यासारखे दिसतात. टायमर १० सेकंदांचा. किंवा सरळ ४के व्हिडिओ लावा आणि नंतर त्यातली हवी ती फ्रेम, म्हणजे एक स्थिर चित्र, काढा, एक फ्रेम साधारण ८ मेगापिक्सेलची असते, इन्स्टाला भरपूर झाली, फक्त प्रत्येक पोझला क्षणभर थांबा म्हणजे फ्रेम हलत नाही. पाय कुठे ठेवायचे ते फरशीचा जोड बघून आधीच ठरवा. खोली लहान असेल तर फोन दाराबाहेर पॅसेजमध्ये ठेवा आणि तुम्ही आत खिडकीपाशी, वन बीएचकेतही आठ फूट आरामात मिळतात.