पकडायचा आणि सोडायचा

मासा पकडायचा, मापायचा, त्याच्यासोबत फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा, याला अमेरिकेत खेळ म्हणतात. मालवणात याला काय म्हणतील ते इथे छापता येणार नाही. आमच्याकडे मासा दारात आला की एकच प्रश्न पडतो: तळायचा की कालवण करायचं? तिसरी शक्यता आमच्या सात पिढ्यांत कुणाला सुचली नव्हती. ती घेऊन आले आमचे शेजारी.

हे शेजारी डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यात साचे बनवून निवृत्त झालेले. गोरे, आडव्या बांध्याचे, टोपीत कायम एक गळ खोचलेला. मी मनातल्या मनात त्यांना आबा म्हणतो. मी समुद्रकाठचा आहे हे कळल्यापासून आबांचा समज झाला की मी जन्मजात मच्छीमार. आता त्यांना कसं सांगणार, की माझा माशांशी संबंध बाजारात सुरू होतो आणि ताटात संपतो? कल्ले उघडून लाल आहेत का बघणं, बांगड्याचं पोट दाबून पाहणं, मासेवालीने भाव सांगितला की "काय सांगतेस!" म्हणून दोन पावलं मागे जाणं, एवढीच माझी साधना. गरवायला जाणारी माणसं आमच्या गावात वेगळी असतात. ती संध्याकाळी धक्क्यावर गरी टाकून बसतात, कुणाशी बोलत नाहीत, आणि घरचे त्यांच्याविषयी बोलत नाहीत.

त्यात आबांनी वेळ निवडली सप्टेंबरअखेरची. श्रावणात आमच्या घरी मासे बंद. श्रावण संपतो तोच गणपती, तेही अकरा दिवसांचे. बाप्पा गेले की दुसऱ्याच दिवशी पितृपंधरवडा, आणि तो उरकतो न उरकतो तोच घट बसतात. थेट दसऱ्यापर्यंत भेंडी, पडवळ आणि उसासे. नेमक्या याच दिवसांत इथला बास मासा खायला सुटतो. दिवस लहान व्हायला लागतात, पाणी निवायला लागतं, बारके मासे काठाकडे सरकतात आणि थंडीच्या बेगमीला बास त्यांच्या मागे लागतो. आम्ही तोंड बंद ठेवायचं आणि त्याने उघडायचं, असा हा निसर्गाचा न्याय आहे.

सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली आई म्हणाली, "पंधरवडो चालू हा. घरात मासो हाडू नको, सांगान ठेवतंय."

आबा म्हणाले, "आणायचाच नाहीये. सोडून द्यायचाय."

दोन संस्कृतींचं इतकं एकमत मी याआधी पाहिलं नव्हतं. माझी शेवटची पळवाट बंद झाली.

पहाटे अंधारात आम्ही क्लिंटन नदीच्या मुखाजवळच्या धक्क्यावर पोचलो. तिथे ट्रेलर मागे घेत पाण्यात उतरवायला रांग लागलेली. ट्रेलर उजवीकडे न्यायचा तर स्टिअरिंग डावीकडे फिरवायचं असतं. नवरे ते उजवीकडे फिरवत होते आणि बायका टॉर्च हलवत वेगवेगळ्या भाषांत "अरे मागे, मागे" ओरडत होत्या. आबांनी एका हाताने कॉफी पीत बोट अलगद पाण्यात सोडली. तिच्या लाल रंगात बँडवाल्याच्या कोटावर असते तशी चमकी होती. इंजिन एखाद्या मोटारीला पुरून उरेल एवढं, पुढे-मागे दोन पडदे, त्यांच्यावर तळाचा नकाशा आणि खालून मासा गेला की उमटणाऱ्या कमानी. बोटीत नव्हतं काय? तर छप्पर नव्हतं, आडोसा नव्हता आणि आबांची कॉफी दोन पेले प्यायलेल्या माणसाला जी सोय लागते, ती नव्हती.

या तलावाचं नाव सेंट क्लेअर. ला साल नावाचा फ्रेंच 1679 साली 12 ऑगस्टला जहाज घेऊन इथे शिरला. त्या दिवशी संत क्लेअरचा सण होता, म्हणून हे नाव. पंचांग पाहून नाव ठेवायची पद्धत फक्त आपलीच आहे असं समजू नये. तलाव सुमारे 1,100 चौरस किलोमीटरचा, पलीकडचा काठ दिसत नाही, आणि सरासरी खोली मात्र 11 फूट. मोठी जहाजं जावीत म्हणून मधून एक खोल मार्ग खणून काढलाय. अशा उथळ पाण्याला वारा लगेच चढतो. लाटा उंच नसतात, पण एकीचं संपायच्या आत दुसरी येते. समुद्रकाठी जन्मलेल्या मला अर्ध्या तासात बोट लागली. आईने दिलेली आवळासुपारी तोंडात धरून मी क्षितिजाकडे बघत बसलो. आबांना वाटलं, मी पाणी वाचतोय.

ते आदराने थोडा वेळ गप्प राहिले. मग इथल्या बासची कहाणी सांगायला लागले. 1988 साली या तलावात झेब्रा शिंपले सापडले. हे नखाएवढे पट्टेरी शिंपले मूळचे काळा समुद्र, कॅस्पियन त्या भागातले. जहाजाचा तोल राखायला तळात पाणी भरतात, त्या पाण्यातून इथवर आले. त्यांनी तलाव गाळून गाळून इतका नितळ केला की ऊन तळाला पोचलं. पाठोपाठ त्याच मुलखातला गोबी नावाचा बोटभर मासा त्याच मार्गाने आला. बासने तो चाखून पाहिला, त्याला आवडला, आणि तेव्हापासून इथला बास अंगाने भरला. मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. तीन-तीन वर्षांची मुदत वाढवून घेताना पगाराच्या पावत्यांपासून पदवीच्या गुणपत्रिकेपर्यंत सगळं जोडतो. ही मंडळी तळटाकीत बसून आली आणि सहकुटुंब कायमची झाली.

आता आमिष. गावाकडे गरीला कोळंबी लावतात, आणि ती पाहून माणसालाही भूक लागते. आबांच्या डब्यात रबरी अळ्या, रबरी नळ्या, रबरी बेडूक होते. रंगांची नावं साड्यांच्या दुकानात शोभतील अशी. त्यातली भोपळी हिरव्या रंगाची एक नळी आबांनी माझ्या हातात दिली. गोबीची नक्कल. मी सवयीने वास घेतला. लसूण! चक्क लसणीचा वास! मी परत हुंगलं. आबा म्हणाले, लसणीच्या वासाला बास जास्त वेळ तोंडात धरतो. म्हणजे इथला मासा आधीच आतून लसूण लावून तयार, फक्त हळद-मीठ-तिखट राहिलेलं, आणि तो आम्ही सोडून देणार.

रॉडला जे रीळ होतं त्याला बेटकास्टर म्हणतात. त्याचं तत्त्व सोपं आहे. गरी फेकली की तिच्या वजनाने रीळ गरगर फिरतं आणि दोरा सुटत जातो. गरी पाण्याला टेकायच्या क्षणी अंगठ्याने रीळ दाबायचं. तो क्षण हुकला की गरी थांबते, रीळ थांबत नाही. सुटलेल्या दोऱ्याला जायला जागा उरत नाही, तो आतल्या आत फुगतो, स्वतःच्याच वेढ्यांतून घुसतो, आणि डोळ्यांदेखत रिळावर एक केसाळ गोळा तयार होतो. हा गोळा ओढून सुटत नाही. एकेक फास नखाने उचलायचा, थोडं ओढायचं, अडलं की मागचा फास शोधायचा. थंडीने बोटं बधिर, बोट वरखाली, तोंडात आवळासुपारी. डोकं खाली घातलं की पोट वर येतं. आबा तोवर दुसऱ्या टोकाला उभे राहून पायाने छोटी मोटर चालवत, न बघता गरी फेकत होते आणि ती त्यांना हवी तिथेच पडत होती. शेवटी त्यांनी नातवासाठी ठेवलेला साधा रॉड माझ्याकडे सरकवला. त्यावर शार्कचं चित्र होतं.

मध्येच खिशातला फोन थरथरला. कॅनडात आपले स्वागत आहे.

माझी आवळासुपारी गिळली गेली. या तलावाच्या मधून दोन देशांची सीमा जाते, पण कुंपण नाही, दगड नाही, पाण्यावर रेघ ओढता येत नाही. माझ्या पासपोर्टवरच्या अमेरिकन व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली. अशा वेळी कोणता नियम आणि कोणती सवलत लागू होते, हे वकिलाला विचारल्याशिवाय मी आमच्या कॉलनीतलं गटारही ओलांडत नाही. आणि इथे मी शार्कच्या चित्राचा रॉड घेऊन, सोबत लसणीची रबरी नळी, परदेशात! मी आबांना म्हटलं, मागे फिरवा. आबांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं: सीमा अजून लांब होती. "त्यांचा टॉवर जोरदार आहे, बाकी काही नाही," ते म्हणाले. "मी तिकडे जातच नाही. ऑन्टारियोच्या पाण्यात गरी टाकायला ऑन्टारियोचं वेगळं लायसन्स लागतं." आबांच्या दृष्टीने देशांच्या सीमा याच कामासाठी असतात. मी फोन बंद केला.

आणि तेवढ्यात दोऱ्याला टक् झालं. परत टक्. मग कुणीतरी हात धरून खाली ओढावा तसा रॉड वाकला. आबा ओरडले, "उचल!" मी उचलला, आणि वीस हातांवर पाणी फोडून एक मासा हवेत उडाला, डोकं झटकलं, पडला, परत उडाला. माझी मळमळ कुठे गेली ते कळलं नाही. आबांनी जाळीत घेतला तेव्हा पाहिलं: तांबूस पितळी अंग, त्यावर उभे गडद पट्टे, डोळा लालभडक. हा स्मॉलमाउथ बास. अंगठा खालच्या जबड्यात घालून उचलायचा असतो. त्याच्या बारीक दातांनी अंगठ्याची साल खरवडून निघाली. पट्टीवर साडेसतरा इंच भरला.

माझ्या दुसऱ्या हाताने आपोआप कल्ला उघडला. आत लालजर्द! उभ्या आयुष्यात असा ताजा कल्ला मी बाजारात पाहिला नव्हता. घासाघीस न करता घेतला असता. मनात तुकड्या पाडूनही झाल्या: शेपटीकडच्या मुलांना, मधल्या आम्हाला, डोकं आईला. कोकमाचं आगळ लावून ठेवायचं, आणि...

"कल्ल्याला हात नको!" आबा किंचाळले. "दुखेल त्याला!"

कायद्याने तो ठेवता आला असता, हे मी आबांच्या नजरेस आणलं. इथे 14 इंचांवरचे पाच बास रोज ठेवायला सरकारची ना नाही. सरकारची नाही, पण आबांची आहे. चार-पाच पौंडांचा व्हायला कित्येक वर्षं लागतात, ते म्हणाले, आणि हाच मासा उद्या आणखी कुणाच्या तरी नातवाला सापडायला हवा. बासच्या स्पर्धांमध्ये मासे जिवंत सोडायची पद्धत 1972 साली रे स्कॉट याने पाडली, हेही सांगितलं. हा रे स्कॉट अलाबामाचा, पेशाने विमा विकणारा. तरीच! विमावाल्याच्या तावडीतून मासेही सुटले नाहीत.

मी वाकून मासा पाण्यात धरला. त्याने क्षणभर विचार केला, शेपटीचा एक फटका मारून माझ्या तोंडावर पाणी उडवलं आणि गेला. आबांनी माझी पाठ थोपटली. कुणाच्या तरी मयताला सांत्वन करावं तशी.

मग आबांनी, बहुधा मला धीर द्यायला, सगळ्यात मोठ्या बासची गोष्ट काढली. 1932 साली, जॉर्जियात, मंदीच्या ऐन काळात, जॉर्ज पेरी नावाच्या विशीतल्या शेतकऱ्याने 22 पौंड 4 औंसांचा लार्जमाउथ बास धरला. म्हणजे दहा किलोंच्या वर. जगातला विक्रम. थेट 2009 साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता याने त्याची बरोबरी केली. आजही विक्रम दोघांच्या नावावर आहे. "आणि पेरीच्या माशाचं काय झालं माहितेय?" आबांचा आवाज खाली गेला. "घरी नेला. खाल्ला." त्यांनी टोपी काढली. मीही मान खाली घातली, पण वेगळ्या कारणाने. इतक्या सगळ्या नावांत मला पहिल्यांदाच कुणीतरी आपलं माणूस भेटलं होतं.

दुपारी डबा उघडला. पोळीत गुंडाळलेली भेंडी. पहिला घास घेणार तोच एक समुद्रपक्षी झेपावला आणि अख्खी गुंडाळी हातातून उचलून गेला. पंधरवड्याचे दिवस, कावळ्यांचा पत्ता नाही, तेव्हा हे आमच्या आजोबांकडूनच कुणी आलं असणार अशी शंका मनात आली. पक्ष्याने हवेतल्या हवेत पोळी गिळली आणि भेंडी बोटीवर टाकून दिली. शंका फिटली. आजोबाच.

घरी आल्यावर फोटो दाखवले. आईने चष्मा लावून मासा नीट पाहिला, दोन बोटांनी मोठा करून परत पाहिला.

"बरो दिसता. खंय हा?"

"सोडला."

"सोडलंस?" तिने फोन खाली ठेवला. "मगे गेललंस कित्याक?"

मी तिला जॉर्ज पेरी सांगितला. तेवढा तिला पटला.

संध्याकाळी आबा दारात उभे, हातात गोठवलेलं पुडकं. वॉलाय मासा, त्यांनी उन्हाळ्यात धरलेला. मी चकित झालो. सोडायचं काय झालं? आबा माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायला लागले. बास खेळायला असतो, वॉलाय खायला असतो, हे इथलं पोरही जाणतं. पंधरवडा, घट, दसरा असा सगळा हिशेब सांगून मी पुडकं फ्रीजरमध्ये टाकणार तेवढ्यात आईने ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं. आत पांढरेशुभ्र तुकडे. काटा नाही, साल नाही.

"ह्येची टकली खंय?"

मी भाषांतर केलं. आबा हसून म्हणाले, डोकी ते कचऱ्यात टाकतात.

आई खुर्चीत बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग माझ्यामार्फत तिने आबांची उलटतपासणी सुरू केली: डोकी किती मोठी असतात, टाकतात ती कुठे, आणि बोटीत सुरी कोण चालवतं. आबांना एवढ्या आस्थेने आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. ते खुलून हातवारे करत राहिले. शेवटी शेवटी तर मी मध्ये नव्हतोच. ती मालवणीत बोलत होती, ते इंग्रजीत, आणि दोघांचं बरोबर चाललं होतं.

दसऱ्यानंतरचा शनिवार ठरलाय. वॉलायच धरायचे आहेत. पाहुण्यांचं वेगळं लायसन्स मिळतं, ते आबांनीच काढायला लावलं, आणि लाइफ जॅकेटसाठी आईचं माप विचारणारा मेसेजही येऊन गेला. मी माझंही माप कळवत होतो, तर आई म्हणाली, "तुका बोट लागता. तू घराकडेच रव, नि कोकमा भिजत घाल."