काकू, हनोई आणि शाही पनीर

परदेशातल्या ग्रुप टूरचं एक बरं असतं, देश कुठलाही असो, रात्री जेवायला शाही पनीर मिळतं. आणि वाईटही तेच असतं. दिवाळी झाल्यावर आम्ही व्हिएतनामला गेलो, मी, बायको आणि आमची काकू. काकू सातारची, पक्की शाकाहारी, अंड्याचा केकसुद्धा चालत नाही, त्यामुळे बॅगेत मेतकूट, भाकरवडी, डिंकाचे लाडू अशी जंगी रसद. पण हनोई येईपर्यंत भाकरवडीचा फक्त चुरा उरला होता, आणि संध्याकाळी बस हॉटेलवरून निघायच्या आत काकूनं जाहीर केलं, "ते लाल ग्रेव्हीतलं रबर मी आज खाणार नाहीये. मला इथलं काहीतरी गरम गरम पाहिजे."

आता "इथलं काहीतरी", ते पण शुद्ध शाकाहारी, हे ज्यानं शोधलंय त्यालाच माहितीये. फो म्हणजे तांदळाच्या शेवया घातलेलं सूप, कोपऱ्या-कोपऱ्यावर मिळतं, वरून दिसतं अगदी सात्त्विक, पण ते पाणी तासन् तास हाडं उकळून काढलेलं असतं. बरं हाडांतून सुटलात तर नुओक माम आहेच, मासे मिठात मुरवून काढलेलं पाणी, ते कशातही जातं कारण त्यांच्या लेखी ते मीठच. एका ठिकाणी मी फोनवर ट्रान्सलेट करून दाखवलं, मांस नको, मासे नकोत. मालकानं समजल्यासारखी मान हलवली आणि कोळंबी आणून ठेवली. तसं बघितलं तर त्याचं काही चुकलं नव्हतं.

मग आमची वरात जुन्या हनोईतून. इथे एकेका गल्लीला एकेका धंद्याचं नाव, हांग बाक चांदीची, हांग मा पूजेच्या कागदी वस्तूंची, हांग गाईत आता सगळं रेशीम, पुण्यात तांबट आळी बोहरी आळी आहेत तसंच, फक्त फुटपाथवर चालायला जागा नाही कारण तिथे अख्खं शहर जेवत बसलेलं असतं. स्कूटरींच्या लोंढ्यात रस्ता ओलांडायचा नियम एकच, थांबायचं नाही, पळायचं नाही, एका चालीनं जात राहायचं, त्या आपोआप बाजूनं जातात. काकूला हे कुणी शिकवलं नाही, ती चक्क पुढे आणि आम्ही दोघं मागून जीव मुठीत धरून. तिचा चेहरा मात्र पडलेला. त्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा, आणि घरी वाती लावायच्या राहिल्या.

एका वळणावर बरीच गर्दी दिसली. एक बाई, समोर भलंमोठं पातेलं, आजूबाजूला निळी प्लास्टिकची स्टुलं, आणि पुठ्ठ्यावर हातानं काहीतरी लिहिलेलं. फोन धरला तर स्क्रीनवर आलं "आज शाकाहारी". माझा विश्वास बसेना. मी त्या बाईंना खुणेनं विचारलं, खरंच? त्यांनी पळी वर केली आणि सरळ आभाळाकडे दाखवलं. तारांच्या गुंत्यात पूर्ण चंद्र. मला काही कळायच्या आत काकू ओरडली, "अरे, पौर्णिमा आहे म्हणून!" आणि खरंच तसंच असतं, तिथले बरेच लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी मांसमच्छी खात नाहीत. मागच्या घराच्या उंबऱ्याशी जमिनीवरच एक लाल देवघर होतं, उदबत्त्या, फळं, आत पोट सुटलेला हसरा देव. काकूनं चपला काढून नमस्कार केला. बाई एकदम खूश, आमच्यासाठी दोन गिऱ्हाइकांना सरकवलं.

त्या स्टुलावर बसणं हा वेगळा विषय आहे. बालवाडीत पालकसभेला बसवल्यासारखे माझे गुडघे कानाशी आलेले, पोट मधे, आणि त्या पोटावरून वाकून सूप प्यायचं. बायको व्हिडिओ काढत होती. काकूला ढिम्म फरक नाही, आयुष्यभर पाटावर जेवलेली बाई.

बाउल आला. टोमॅटोचा आंबटसर रस्सा, शेवया, तळलेलं टोफू, आणि वर, अगदी दिमाखात, मांसाचे गोल काप! काकूनं चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच ते कापून घातलेत. बाई खो खो हसत सुटल्या, हे त्यांना नवीन नसावं. त्यांनी पिशवीतून पिवळट पापुद्रा काढून दाखवला, सोयाच्या दुधावरची साय वाळवलेली. ती भिजवायची, मिरं-मीठ लावून घट्ट गुंडाळायची, बांधून उकडायची, की झाले काप. मुळात ज्याला मांस सोडायचंय त्यानं मांसाचा देखावा कशाला करावा हे मला अजून पटलेलं नाही, पण काकूनं कोपरा तोडून खाल्ला, मग अख्खा काप, मग बायकोच्या बाउलमधले. पाल्याची टोपली आली त्यातून पुदिना-कोथिंबीर तिनं लगेच उचलली, एक पान वरून हिरवं खालून जांभळं, ते आधी चुरगाळून वास घेतला आणि मग पोटात. बिल एका बाउलचं 40,000 ऐकल्यावर मात्र तिला ठसका लागला. डाँग गं काकू, डाँग, आपले दीडशेसुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिनं बसमध्ये इतकी जाहिरात केली की संध्याकाळी पनीरला कंटाळलेली निम्मी टूर आमच्यामागे. तीच गल्ली, तीच स्टुलं, तीच बाई, ओळखून हात केला. पुठ्ठा गायब. पातेल्यात मी डोकावलो तर खेकड्याचा रस्सा, कारण या पदार्थाचं मूळ रूप तेच, काल फक्त तिथी आडवी आली होती. सगळे तोंड पाडून शाही पनीरकडे वळले. मी मागे राहिलो, कुणीतरी त्या बाईंना बरं वाटावं म्हणून खायला नको? रात्री लॉबीत आलो तर काकू टूर मॅनेजरला कोपऱ्यात गाठून, परतीचं विमान अमावस्येच्या पुढे ढकलता येतं का ते विचारत होती.