आमच्या कोपऱ्यावरची चिपी बंद होतेय

आज ऑफिसातून येताना बघतो तर चिपीच्या, म्हणजे तळलेला मासा आणि बटाट्याच्या तळलेल्या फोडी (चिप्स) विकणाऱ्या दुकानाच्या दारावर कागद चिकटवलेला, महिनाअखेर दुकान बंद. आजोबांनी टाकलेलं, आता नातू चालवतो. इंग्लंडला, यॉर्कशायरमधल्या लीड्सला आल्यापासून आमचा शुक्रवार तिथलाच. वाईट वाटलंच, पण डोकं सटकलं ते आपल्याच मराठी ग्रुपवर एकाने टाकलं तेव्हा, "गेलं तर गेलं, पिठात बुडवलेला बेचव मासा, त्यात काय एवढं."

2014 ला आई आली होती. मी कौतुकाने तिला तिथे घेऊन गेलो. यॉर्कशायरमध्ये अजून बऱ्याच ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात, मी आपला गप्प बसलो होतो (शिव्या नंतर घाला). त्या नातवाने आईच्या गळ्यातलं मंगळसूत्र बघितलं आणि पैसे घ्यायच्या आधी स्वतःहून मला म्हणाला, यांना चालणार नाही हे. वर घरात गेला, साध्या तेलात एक तुकडा तळून आणला. रांग दारापर्यंत होती! कुठल्या चेनवाल्या दुकानात करतील हे?

आणि बेचव म्हणणाऱ्यांनो, स्पेन-पोर्तुगालमधून जीव वाचवून पळालेल्या ज्यूंनी तळलेला मासा इथे आणला. 1860 च्या सुमारास लंडनच्या ईस्ट एंडला जोसेफ मालिन नावाच्या ज्यू माणसाने त्याला चिप्सची जोड दिली म्हणतात, तर लँकेशायरवाले म्हणतात छे, 1863 चा आमच्या मॉस्लीचा जॉन लीस पहिला. भांडू देत. गिरणीत दिवसभर उभ्या राहिलेल्या बायका घरी जाताना हेच बांधून न्यायच्या, आपल्या गिरणगावात खानावळी होत्या तसंच. दुसऱ्या महायुद्धात लोण्या-मटणाला रेशन लागलं, याला नाही लावलं सरकारने. इथून जवळ गाईझलीला हॅरी रॅम्सडेनने 1928 मध्ये लाकडी खोपटात धंदा सुरू केला आणि तीन वर्षांत झुंबरं टांगलेलं हॉटेल काढलं. नंतर ते नाव कंपन्यांच्या हातात फिरत राहिलं, ते सोडा.

हो, महाग झालंय, मान्य. पण गरम पदार्थावर 20 टक्के व्हॅट, 2022 पासून रशियन माशावर 35 टक्के जादा ड्यूटी, विजेची बिलं, आणि त्याने काय मासा घरच्या टाकीत पाळायचा?

त्याच्या पोरांना फ्रायरपुढे उभं राहायचं नाहीये, हेही कारण आहेच. त्यांना काय बोलणार, मालवणातली बाबांची खानावळ मी तरी कुठे घेतली चालवायला. आईने त्या दिवशी तो तुकडा संपवला आणि त्याच्यासमोरच म्हणाली, "मासो बरो आसा, पण ह्येका कोणी मसालो लावूक शिकवल्यान नाय?" त्याने विचारलं काय म्हणतात, मी म्हटलं खूप आवडलं.

मघाशी फोनवर तिला सांगितलं दुकान बंद होतंय. ती म्हणाली, "मगे आता तो करतलो काय?" ते विचारायचं मला सुचलंच नव्हतं. शुक्रवारी जातो.