श्रद्धा पक्की असली की माणसं लागत नाहीत?

सध्या एक मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. वर उगवता सूर्य, खाली जोडलेले हात, मध्ये लांबलचक मजकूर. त्याचा आशय असा: ज्याची श्रद्धा पक्की त्याला नैराश्य शिवत नाही, हे आता विज्ञानानेही मान्य केलंय, माणसं आज आहेत, उद्या नाहीत, म्हणून मनाचा आधार माणसांत शोधू नका, मन खचलं असेल तर साधना कमी पडतेय असं समजा, आणि रोज ध्यान केलंत तर गोळ्या आपोआप सुटतील. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण हा मेसेज आवर्जून धाडला जातो तो आधीच खचलेल्या माणसाला, त्यामुळे नुसता डिलीट करून भागत नाही.

"ज्याची श्रद्धा पक्की, त्याला नैराश्य शिवत नाही."

मदर तेरेसांची श्रद्धा कच्ची होती असं म्हणायला कोणी धजावणार नाही. त्यांची खासगी पत्रं 2007 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा कळलं की जवळपास पन्नास वर्षं त्यांना प्रार्थनेत देव जाणवतच नव्हता. आत नुसता अंधार आहे, असं त्या आपल्या धर्मगुरूंना कळवत राहिल्या. याला आजार म्हणण्याची घाई मी करणार नाही. त्यांचं काम कधी थांबलं नाही, आणि पत्रांवरून निदान करायचंही नसतं. पण 'श्रद्धा म्हणजे कायम प्रसन्न मन' हे समीकरण मोडायला एवढं पुरे. नैराश्याचा आजार अनुवंशातून येतो, बाळंतपणानंतर येतो, दीर्घ दुखण्यात, मोठ्या आघातानंतर, थायरॉइड बिघडल्यावरही येतो. भाविकाची थायरॉइड ग्रंथी काही वेगळी नसते.

"विज्ञानानेही मान्य केलंय."

मान्य काय केलंय ते बघायला हवं. टिमथी स्मिथ आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये 147 अभ्यास, म्हणजे सुमारे 99 हजार माणसांची माहिती, एकत्र करून तपासली. धार्मिकता जास्त तिथे नैराश्याची लक्षणं कमी, असं दिसलं खरं. पण सहसंबंध (शून्य म्हणजे संबंधच नाही, उणे एक म्हणजे पुरेपूर उलटा संबंध) उणे 0.1 च्या आसपास. संबंध आहे, पण बारीक आहे. अडचणीच्या काळातून जाणाऱ्यांत तो थोडा ठळक होतो. 'शिवत नाही' म्हणण्याइतका मात्र कुठेच नाही. शिवाय हा संबंध उलट्या दिशेनेही येऊ शकतो. ज्याला सकाळी अंथरुणातून उठवत नाही, तो प्रार्थनेला जाणंही सोडतो; मग आकडेवारीत तो 'धार्मिकता कमी, नैराश्य जास्त' या रकान्यात जाऊन बसतो.

अध्यात्म मोजायच्या काही प्रश्नावल्या तर मुळातच घोळ घालतात. 'मला आत शांतता जाणवते', 'माझ्या जगण्याला अर्थ आहे' अशी विधानं द्यायची आणि ती किती लागू पडतात ते विचारायचं. खचलेला माणूस याला 'पुरेपूर लागू' म्हणेल कसा? शांत मनाची माणसं शांत असतात, एवढंच त्यातून सिद्ध होतं. ही हरकत घेणाऱ्यांत हॅरॉल्ड केनिग पुढे होते, आणि ते काही धर्माचे टीकाकार नव्हेत. धर्म आणि आरोग्य यांचं नातं अभ्यासण्यातच त्यांची कारकीर्द गेली.

मेसेजच्या बाजूने बोलणारा भक्कम पुरावाही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या 89,708 परिचारिकांच्या दीर्घ पाहणीवरचा शोधनिबंध 2016 मध्ये आला. आठवड्यातून एकदा तरी प्रार्थनासभेला जाणाऱ्या बायकांत आत्महत्येचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांच्या साधारण एक पंचमांश होतं. फरक मोठा आहे. पण मोजलं काय होतं? मनातली श्रद्धा नव्हे, तर घराबाहेर पडून चार माणसांत जाऊन बसणं.

"माणसांवर विसंबू नका."

हा मुद्दा मेसेजचा कणा आहे, आणि तोच सगळ्यांत कमकुवत. एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1897 मध्येच हा प्रश्न वेगळ्या बाजूने मांडला होता. युरोपातल्या कॅथलिक भागांत आत्महत्या कमी आणि प्रोटेस्टंट भागांत जास्त, असं त्याला दिसलं. दोन्हीकडे आत्महत्या पापच. मग फरक शिकवणुकीतून कसा यावा? त्याने बोट ठेवलं ते माणसं एकमेकांत किती गुंतलेली आहेत यावर. त्याच्या आकड्यांवर पुढे बरेच वाद झाले, पण प्रश्न टिकला.

चेयून लिम आणि रॉबर्ट पटनम यांनी 2010 मध्ये त्याच प्रश्नाला हात घातला. अमेरिकेत त्याच माणसांना वर्षाच्या अंतराने दोनदा विचारलेल्या प्रश्नांवरून त्यांना दिसलं की प्रार्थनासभेला नेमाने जाणारे आयुष्याबद्दल जास्त समाधानी असतात, पण तिथे त्यांचे मित्र असतील तर. दर आठवड्याला येणारा, पण तिथे मैत्री नसलेला माणूस कधीच न येणाऱ्यापेक्षा फारसा समाधानी निघाला नाही. घरी एकट्याने केलेल्या प्रार्थनेचा वेगळा परिणाम जवळपास हाती लागला नाही.

यावरून 'मग देव वजा करा, गप्पांचा अड्डा ठेवा' असा निष्कर्ष काढणाऱ्यांनाही थांबवायला हवं. त्याच अभ्यासात, ती मैत्री सगळ्यांत जास्त कामी आली ती ज्यांना आपली धार्मिक ओळख मोलाची वाटत होती त्यांना. आणि परिचारिकांच्या त्याच पाहणीत, नेमाने जाणाऱ्यांतलं एकूण मृत्यूंचं (फक्त आत्महत्यांचं नव्हे) कमी प्रमाण माणसांच्या आधाराने समजावता आलं ते एक चतुर्थांशाहूनही कमी. श्रद्धा आणि सोबत एकमेकींच्या अंगाने काम करतात. मेसेज त्यांना एकमेकींविरुद्ध उभं करतो.

या मुद्द्यात एक कण खरा आहे. माणसं त्रासही देतात. कॅरन रूक यांनी 1984 मध्ये वृद्ध विधवांचा अभ्यास केला, तेव्हा मदत करणाऱ्यांच्या आधारापेक्षा कटकट करणाऱ्यांचा जाच त्यांच्या मनःस्वास्थ्यावर जास्त परिणाम करताना दिसला. मदतीचीही एक गंमत आहे. नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी वकिलीच्या मोठ्या परीक्षेला बसणाऱ्यांना आणि त्यांच्या जोडीदारांना रोज टिपणं ठेवायला लावली. जोडीदाराने आधार दिला, पण परीक्षार्थीच्या तो लक्षातही आला नाही, त्या आधाराने मन जास्त सावरलं. ठळकपणे जाणवलेली मदत कधीकधी उलट बोचते: आपण दुबळे आहोत, हे ती अधोरेखित करते. बोलून न दाखवता कुणी आपल्या वाटचं एखादं काम उरकून टाकलं, की त्याचं ओझं होत नाही. तेव्हा माणसं निवडून धरावीत, एवढा अर्थ यातून निघतो. धरूच नयेत, असा निघत नाही.

"मन खचलं म्हणजे साधना कमी पडतेय."

माझा खरा राग या वाक्यावर आहे. केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी 55 वर्षांपुढच्या 596 आजारी माणसांचा दोन वर्षं मागोवा घेतला आणि 2001 मध्ये निष्कर्ष मांडले. 'देवाने मला टाकलंय का', 'त्याचं माझ्यावर प्रेम आहे का' अशा विचारांशी झगडणाऱ्यांत मृत्यूचा धोका 19 ते 28 टक्क्यांनी जास्त आढळला, आणि हा फरक आजाराची तीव्रता व मनाची अवस्था हिशेबात धरूनही उरला. श्रद्धा आधार देते तशी छळूही शकते. ती कोणत्या सुरात बोलते यावर ते अवलंबून असतं. आणि हा मेसेज खचलेल्या माणसाच्या हाती नेमका तोच छळणारा सूर देतो.

त्याच्या जागी बसून बघा. पहाटे तीनला जाग येते, ती पुन्हा झोप लागत नाही. फोन हातात घेतला की समोर हा मेसेज. अवाजवी अपराधी वाटणं हे नैराश्याचं ठरलेलं लक्षण. त्याला आता मेसेजने दाखला दिला: बघ, चूक तुझीच. रविवारी तो बैठकीला जातो, मागच्या रांगेत बसतो. शेजारचा विचारतो, "काय, कसं चाललंय?" तो म्हणतो, "छान, त्याची कृपा." खरं सांगायचं तर आधी आपली श्रद्धा कमी आहे, अशी कबुली द्यावी लागेल. शेजारच्याला पत्ताही लागत नाही. सोबत खोलीभर बसलेली असते आणि माणूस एकटा असतो.

ब्राऊन आणि हॅरिस या जोडीने 1970 च्या दशकात लंडनमधल्या बायकांचा अभ्यास केला होता. आघात कोसळल्यावर, जिच्यापाशी मन मोकळं करण्याजोगं जवळचं माणूस नव्हतं तिला नैराश्य येण्याची शक्यता बरीच जास्त दिसली. ओळखीची माणसं कितीही असोत, खरं बोलता येईल असं एक तरी असावं लागतं. 'साधना कमी पडतेय' हे वाक्य ते एक माणूसही हिरावून घेतं.

"ध्यान करा, गोळ्या सुटतील."

नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून सजगतेवर (माइंडफुलनेस, म्हणजे ध्यानाचाच एक सराव) आधारलेली उपचारपद्धती आहे आणि ती उपयोगी आहे. विलेम काउकेन यांच्या 2015 मधल्या 424 जणांवरच्या चाचणीत, ती शिकून गोळ्या कमी करत नेणाऱ्यांत दोन वर्षांत 44 टक्क्यांना आजार उलटला, गोळ्या चालू ठेवणाऱ्यांत 47 टक्क्यांना. म्हणजे जवळपास बरोबरी. पण हे प्रशिक्षण प्रशिक्षित माणसाने, गटात, आठ आठवडे दिलेलं होतं, आणि गोळ्या वैद्यकीय देखरेखीखाली हळूहळू उतरवलेल्या होत्या. मेसेज वाचून एका रात्रीत बंद केलेल्या नव्हेत. तसं केलं की चक्कर येते, झोप उडते, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतं, आणि तोच आजार परत आला असंही वाटू शकतं. गोळी कमी करायचीच असेल तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून, टप्प्याटप्प्याने करावी, आणि त्या आठवड्यांत जवळच्या कुणाला तरी ते सांगून ठेवावं. झोप किंवा बोलणं बदललेलं आपल्याआधी त्यांच्या लक्षात येतं.