‘लॅब एनएबीएलची आहे हो!’

परत तेच. विजेच्या कामासाठीच्या नव्या रबरी हातमोज्यांबरोबर सप्लायरने चाचणी अहवालाची झेरॉक्स पाठवली. शिक्का पुसट, तारीख दोन वर्षांपूर्वीची. विचारलं तर ठरलेलं उत्तर : “साहेब, लॅब एनएबीएलची आहे, आणखी काय पाहिजे?”

पुष्कळ काही पाहिजे! एनएबीएल म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था. तिची मान्यता अख्ख्या लॅबला सरसकट मिळत नाही. आयएसओ/आयईसी १७०२५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तपासणी होते आणि कोणती चाचणी, कोणत्या पद्धतीने, किती मर्यादेपर्यंत, हे त्या लॅबच्या ‘स्कोप’मध्ये ओळीओळीने लिहिलेलं असतं. तो स्कोप एनएबीएलच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येतो. मी बघितला. पाणी आहे, सिमेंट आहे, माती आहे. आयएस ४७७० या भारतीय मानकाचे हातमोजे कुठेच नाहीत! अहवालावर यूएलआर क्रमांकही, म्हणजे एनएबीएल-मान्य अहवालाचा स्वतंत्र ओळख क्रमांकही, नाही.

हे हातमोजे घालून आमची पोरं विजेच्या पॅनेलमध्ये हात घालतात. आत-बाहेर पाणी ठेवून, वर व्होल्टेज देऊन हातमोजा फुटतो का ते बघायचं असतं. डोळ्यांना न दिसणारं छिद्र तिथेच सापडतं. ती चाचणी झाली की नाही हेच कळत नसेल, तर मी कुणाच्या भरवशावर वर्क परमिटवर, म्हणजे काम सुरू करायच्या परवान्यावर, सही करू?

आणि खरेदी विभाग मलाच म्हणतो, “तुमच्यामुळे माल अडलाय.” हो, अडलाय. अडूनच राहील. हार्नेसच्या वेळी हेच, हेल्मेटच्या वेळी हेच. दर वेळी मीच स्कोप शोधायचा, मीच वाईट ठरायचं. ऑर्डर देण्याआधी पाच मिनिटं कुणालाच का मिळत नाहीत?