‘७०० च्या खाली असेल तर अप्लायच करू नका’, हे खरं नाहीये

एमबीएच्या ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय की जीमॅटला (एमबीए प्रवेशासाठीची परीक्षा) ७०० च्या खाली आला असेल तर अप्लाय करण्यात अर्थ नाही, सरळ रिटेक द्या, रिटेकने नुकसान काहीच होत नाही, आणि इंडियन इंजिनिअर असाल तर त्याशिवाय कोणी विचारणारच नाही. चांगली चांगली पोरं हे वाचून अॅप्लिकेशन थांबवून बसलीयेत म्हणून लिहितोय.

मुळात हा ७०० चा आकडाच जुना आहे. जुनी जीमॅट जानेवारी २०२४ अखेर बंद झाली. आत्ताच्या परीक्षेत स्कोअर २०५ ते ८०५ असतो आणि शेवटी कायम ५ येतो, त्यामुळे ७०० कुणाला पडूच शकत नाही. पर्सेंटाइल लावून बघितलं तर जुना ७०० म्हणजे आताचा साधारण ६४५. म्हणजे ६५५ वाल्याला तुम्ही ‘अजून सातशे नाही झाले’ म्हणून परत बसवताय, जो जुन्या हिशोबात सातशेच्या पुढे गेलाय! कॉलेजचं क्लास प्रोफाइल (अॅडमिशन मिळालेल्या बॅचचे आकडे) बघताना पण कुठला आकडा कुठल्या परीक्षेचा ते आधी बघा. आणि त्यात दिलेला मीडियन, म्हणजे बॅचचा मधला स्कोअर, हा कटऑफ नाही हो, अॅडमिशन मिळालेल्यांतले साधारण निम्मे त्याच्या खालीच असतात.

‘नुकसान काहीच नाही’ यातला अर्धा भाग बरोबर आहे. स्कोअर बघून मग कुठला पाठवायचा ते आपणच ठरवतो, खराब गेलेली परीक्षा कॉलेजला दिसत नाही, त्याची भीती नको. पण फी वीस हजारांच्या वर जाते, दोन परीक्षांत किमान १६ दिवस सोडावे लागतात, बारा महिन्यांत पाचच वेळा देता येते, आणि खरी किंमत वेळेची. बऱ्याच मोठ्या कॉलेजांचा राउंड वन, म्हणजे अर्ज घ्यायचा पहिला टप्पा, सप्टेंबरमध्ये संपतो, नोकरी करून संध्याकाळी दोन तास मिळणारा माणूस ऑगस्टभर क्वांट (गणिताचा सेक्शन) घोटत बसला तर एसे कधी लिहिणार आणि रेको (शिफारसपत्र) देणाऱ्या मॅनेजरशी बसून बोलणार कधी?

इंजिनिअर्सबद्दलचं म्हणणं मी उडवून लावत नाही, त्या गर्दीत स्कोअर चांगले असतात आणि बारावी-डिग्रीचे मार्क कमी असतील तर जीमॅटचा आधार लागतोच. पण त्या गर्दीत ६७५ चा ६८५ करून तुम्ही वेगळे दिसत नाही, तुम्ही ऑफिसात नेमकं काय केलंत त्याने दिसता, आणि ते एसेत लिहायला वेळ लागतो.

मग रिटेक कधी द्यायची? मॉक (सराव परीक्षा) आणि खरा पेपर शेजारी ठेवा. समजा क्वांट ८४, व्हर्बल (इंग्रजी) ८३, डेटा इनसाइट्स (टेबल-आलेखांवरचे प्रश्न) ७६, टोटल ६२५. मॉकमध्ये डेटा इनसाइट्स कायम ८१ च्या आसपास यायचं, पेपरात मात्र मधल्या एका मोठ्या टेबलवर अडकून शेवटचे प्रश्न राहून गेले. तिन्ही सेक्शनला सारखंच वजन आहे, एका सेक्शनचा एक मार्क म्हणजे टोटलमध्ये साधारण सहा-सात, त्यामुळे ते पाच मार्क परत मिळाले की तोच माणूस ६५५ ला जातो. याने नक्की द्यावी, कारण काय बिघडलं ते त्याला माहितीये आणि ते सुधारता येण्यासारखं आहे. याउलट ज्याचे मॉक ६४५ ते ६६५ मध्ये फिरतायत आणि पेपरात ६५५ आलेत, त्याचा तो खराच स्कोअर आहे, तयारीत काही बदललं नसेल तर परत बसून दहा-वीस वर किंवा दहा-वीस खाली एवढंच होणार.

आणि रिटेक द्यायचीच असेल तर राउंड वन सुटला म्हणून घाबरू नका, जानेवारीचा राउंड टू बहुतेक ठिकाणी असतो, फक्त ती परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच उरका. अमेरिकेला जायचं असेल तर त्यानंतरच्या राउंडवर विसंबू नका, तोवर जागा थोड्या उरतात आणि व्हिसाला वेळही कमी पडू शकतो.